सही करण्याआधीचा वकील

“ओळखीचा कोणी वकील आहे का?” हा प्रश्न आपल्या घरांत साधारण तीन प्रसंगी निघतो. जागा घेताना, घरातलं मोठं माणूस गेल्यावर, आणि कर्जाची नोटीस दाराला चिकटल्यावर. उत्तरही लगेच मिळतं, कारण प्रत्येकाच्या मेहुण्याचा एखादा मित्र काळ्या कोटात असतोच. तो कोणत्या कामाचा वकील, हे विचारणारा मात्र क्वचित भेटतो.

सनद सगळ्यांची सारखीच. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बार कौन्सिल आहे, तिथून ती मिळते. पण रोज जामिनाचे अर्ज करणारा, रोज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवणारा आणि रोज कर्जवसुली न्यायाधिकरणात बँकेसमोर उभा राहणारा ही तीन वेगळी माणसं असतात. म्हणून पहिल्या भेटीत “किती केसेस जिंकल्या?” असं विचारण्यात अर्थ नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत अशाच कामाचे किती कागद हातावेगळे केले, ते विचारावं. ज्याचं रोजचं काम आहे तो चटकन सांगतो, दुसरा छताकडे बघतो. वकिलांना जाहिरात करायची मनाई आहे, त्यामुळे नाव तोंडीच मिळवावं लागतं. ते अशा माणसाकडून मिळवा ज्याचं तुमच्यासारखंच काम नुकतं पार पडलंय. मेहुण्याचा नंबर नंतर.

आधी जागेचं. इथे वकील लागतो तो इसार देण्याआधी, आणि लोक जातात ते इसार दिल्यानंतर. माझा आत्येभाऊ असाच गेला होता, मी सोबत होतो. शहराच्या कडेला वीस गुंठ्यांचा तुकडा, विकणारे तिघे भाऊ, सातबारा कोरा, असं त्याचं म्हणणं. वकीलबाईंनी सातबारा हातात घेतला आणि नावं न वाचता आधी दोन ठिकाणी बोट ठेवलं. भूधारणा पद्धतीत ‘भोगवटादार वर्ग 1’ आहे का? वर्ग 2 असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. मग ‘इतर हक्क’चा रकाना. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, सगळं तिथे असतं. तोही स्वच्छ होता. आत्येभावाने माझ्याकडे ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ अशा नजरेने पाहिलं.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, “या तिघांना बहिणी किती?”

त्याला माहीत नव्हतं. वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसनोंदीचा फेरफार काढला तेव्हा दोन बहिणींची नावं सापडली. पुढच्या एका फेरफाराने त्यांना कंस पडला होता. कारण लिहिलं होतं, ‘जबाब देऊन हक्क सोडला’. म्हणजे तलाठ्यासमोर एक साधा जबाब. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाही. स्थावरातला हक्क अशा जबाबाने जात नाही, आणि सातबारा हा मालकीचा दस्त नाही, महसुलाची नोंद आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारा बदल महाराष्ट्राने 1994 मध्येच केला होता. केंद्राने तो 2005 मध्ये केला, आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. बाईंचा सल्ला एका वाक्याचा होता, “बहिणींना खरेदीखतावर सहीला आणा, नाहीतर इसार परत मागा.” इसार परत यायला आठ महिने लागले.

त्यांनी जे केलं त्याला शोध घेणं म्हणतात. साधारण 30 वर्षांचा शोध घेण्याची रीत आहे, कारण गहाण सोडवून घेण्याची मुदत 30 वर्षांची आहे. वकील नोंदणी खात्याचे सूची क्रमांक 2 चे उतारे काढतो. अलीकडचे ऑनलाइन मिळतात, जुन्यांसाठी कचेरीतली पुस्तकं चाळावी लागतात, मधली काही पानं फाटलेली असतात, आणि चांगला वकील अहवालात तेही लिहितो. मग वर्तमानपत्रात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी जाहीर नोटीस देऊन चौदा-पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो. विक्रेत्यांच्या नावाने कोर्टात दावा चालू आहे का, ते ई-कोर्ट्सवर बघतो. घेणारा शेतकरी नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन त्याच्या नावावर सहसा होतच नाही, हे 1948 च्या कूळकायद्याचं कलम तो पहिल्याच भेटीत सांगतो. नाही सांगितलं तर दुसरा वकील शोधा.

फ्लॅटच्या बाबतीत एक भ्रम मोठा आहे. “बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद क्लिअर.” बँकेचा वकील बँकेचा असतो. त्याचा अहवाल बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, एवढंच बघतो, आणि बऱ्याचदा तो तुम्हाला दाखवतही नाहीत. बिल्डरने सुचवलेला वकील तर बिल्डरचाच. स्वतःचा वकील करायला पैसे जातात हे खरं, पण नव्या प्रकल्पात त्याचं काम निम्मं झालेलं असतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा टायटल रिपोर्ट, बोजे, चालू खटले मांडलेले असतात, ते वाचून तुमच्या करारनाम्यात काय खोडायचं एवढंच त्याला सांगायचं असतं. आणि एक आकडा पाठ ठेवा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

आता मृत्युपत्र. हा विषय काढला की घरात मंगल-अमंगल सुरू होतं. कायदा मात्र या बाबतीत फार साधा आहे. कोऱ्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढं हवं. मग वकील कशाला?

साक्षीदारांसाठी. मृत्युपत्राचा वाद कोर्टात गेला की दोघांपैकी एकाला तरी साक्षीला उभं करावं लागतं, तोवर वीस वर्षं गेलेली असतात. आपण साक्षीदार घेतो ते आपल्याच वयाचे, बाकावरचे मित्र. जाणता वकील पन्नाशीच्या आतले दोघे मागतो, त्यातले एक शक्यतो फॅमिली डॉक्टर, म्हणजे ‘तेव्हा बाबांची बुद्धी शाबूत नव्हती’ हा आक्षेप तिथेच बसतो. ज्याला काही मिळणार आहे त्याला तो साक्षीदार होऊ देत नाही. कागद लिहिताना मुलांना खोलीबाहेर पाठवतो. मला वाटतं, वकील पारखायची याहून सोपी खूण नाही. जो मुलासमोर बसून मुलाच्या सांगण्यावरून आईचं मृत्युपत्र लिहितो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

“सगळीकडे नॉमिनेशन केलंय, मृत्युपत्र कशाला?” हेही नेहमी ऐकू येतं. नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो, मालक वारस होतात. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्येच सांगितलं होतं, तिथला नियम मात्र 2015 मध्ये जवळच्या नातेवाईक नॉमिनींपुरता बदलला. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या पश्चात गुंतवणुकींवरून चाललेल्या वादात डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही तोच निकाल आला. नॉमिनी कितीही नीट लावले असले तरी वारसांमधला प्रश्न त्याने सुटत नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, याची दोन उत्तरं ऐकून लोक दचकतात. हिंदू पुरुष गेला तर पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने त्याच्या आईलाही वाटा मिळतो, वडिलांना नाही. आणि मूलबाळ नसलेली विधवा स्त्री गेली तर तिने नोकरी करून घेतलेला फ्लॅट तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परततं. एकट्या राहणाऱ्या, कमावत्या विधवेने निदान एवढ्यासाठी तरी वकिलाकडे एक संध्याकाळ घालवावी.

मुंबईतल्या मिळकतीसाठी हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाचं शिक्कामोर्तब, घ्यावंच लागे. ती सक्ती करणारं भारतीय वारसा कायद्याचं कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं. वकिलाला सहज म्हणून विचारून बघा, त्याचं वाचन कुठपर्यंत आलंय ते कळेल. गोव्याचं गणित तर पूर्ण निराळं आहे. तिथल्या कायद्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा आहे, नवराबायको निम्म्या-निम्म्याचे धनी असतात, आणि मुलं असतील तर माणूस स्वतःच्या हिश्श्याच्याही अर्ध्याचीच विल्हेवाट मृत्युपत्राने लावू शकतो. मूळ गोव्याचे, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले किती तरी मराठी लोक इथल्या वकिलाकडून इथल्या नमुन्यावर मृत्युपत्र लिहून घेतात. अशांनी आधी विचारावं, मला कोणता कायदा लागू?

फीबद्दल आपण संकोचतो आणि मग नंतर भांडतो. शोध अहवाल, करारनामा, मृत्युपत्र या कामांची रक्कम ठोक ठरवता येते, ती कागदावर घ्यावी. जाहीर नोटिशीचा, उताऱ्यांचा, टायपिंगचा खर्च आत की बाहेर, तेही. दाव्यात मात्र तारखेगणिक की टप्प्यागणिक हे विचारावं. “निकाल लागला की मिळकतीतले इतके टक्के द्या” असं कोणी म्हणालं तर उठून यावं, वकिलांच्या आचारनियमांत त्याला बंदी आहे.

वकीलपत्र ही एवढीशी छापील चिठ्ठी असते, बहुतेक जण ती न वाचता सही करतात. तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, कोर्टातून पैसे उचलण्याचा अधिकार त्यातच लिहिलेला असतो. नको ते खोडायला सांगता येतं. वकील बदलायचा झाला तर रीतीप्रमाणे जुन्याची ना हरकत घेतात. फी थकली म्हणून तो तुमची फाइल अडकवून ठेवू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हे स्पष्ट केलं आहे. तरीही मूळ खरेदीखत वकिलाच्या टेबलावर ठेवून येऊ नका. सत्यप्रत द्या, मूळ द्यावंच लागलं तर पोच घ्या.

राहिलं कर्ज. दिवाळखोरी हा शब्द मोठा आहे, पण साध्या माणसासाठी त्याची वाट अजून जुनीच आहे. 2016 च्या नव्या संहितेतला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांना मुंबईत 1909 चा आणि इतरत्र 1920 चा कायदा, ज्यात नादारीच्या अर्जासाठी 500 रुपयांचं कर्ज पुरतं. त्या वाटेने फारसं कोणी जात नाही.

खरी घाई असते ती नोटिशीच्या दिवसांची, आणि नोटीस कुणाची यावर वकील ठरतो. बँकेची सरफेसी कायद्याखालची मागणी नोटीस आली की 60 दिवस मिळतात. त्या मुदतीत लेखी हरकत पाठवली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज, ती न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. सहकारी बँकाही या कायद्यात येतात, कोल्हापूरकडच्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात 2020 मध्ये यावर शिक्कामोर्तब झालं. पतसंस्था मात्र सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढते, तो निबंधकाकडे. त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून दाखला निघण्याआधीच निबंधकासमोर म्हणणं मांडायला हवं. चेक न वटल्याची नोटीस आली तर पैसे द्यायला 15 दिवस, आणि प्रकरण फौजदारी. मित्राला जामीन राहिलेले मास्तर, एसटीतले कंडक्टर या तिन्हींत फिरताना मी पाहिलेत. बहुतेकांनी पहिला लखोटा ‘कर्ज माझं नाही’ म्हणून परत पाठवलेला होता.

लखोटा घ्या आणि फेकू नका, दिवस मोजताना त्यावरचा शिक्का पुरावा म्हणून लागतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यांचा फोन नंबर 15100 आहे.