लाल तेल, पण कोणतं?



गिअर नसलेली गाडी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली आणि नगरच्या कारखान्याचं नाव देशभर झालं. लुनाला गिअर नव्हता. मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढायचा, क्लचचे जोडे बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन पकड घ्यायचे आणि गाडी चालू लागायची. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. ती पिथमपूरला तयार होत असली तरी घराणं फिरोदियांचंच. तिच्यात दोन पुल्या होत्या आणि त्यांच्यावर एक पट्टा. वेगानुसार पुल्यांचा घेर कमीजास्त व्हायचा आणि त्याच गिअरचं काम करायच्या. तो पट्टा कोरडाच चालायचा, तेल लागायचं ते फक्त मागच्या चाकाजवळच्या दात्यांना आणि तेही थोडंसं. त्यामुळे ‘ऑटोमॅटिक गाडीत तेल कोणतं घालायचं?’ हा प्रश्न त्या काळी फारसा कुणाला पडलाच नाही.

आज तो पडतो. शिर्डी, शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर आणि पाथर्डीकडे जाताना करंजीच्या घाटात आता हायब्रिड मोटारी सर्रास दिसतात. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर यांचा एकत्र संसार. २०२२ साली होंडा सिटी ई-एचईव्ही, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर अशा गाड्या पाठोपाठ आल्या आणि इनोव्हा हायक्रॉसही त्याच वर्षी जाहीर झाली. त्या गाड्यांना आता काही वर्षं झाली. काहींची वॉरंटी सरत आली, काही सेकंडहँड बाजारात आल्या. कंपनीच्या वर्कशॉपमधून त्या गावच्या गॅरेजात येऊ लागल्या आहेत. तेलाची चूक व्हायची ती नेमकी इथेच.

मागे एकदा मी शेजारच्या शिक्षकांसोबत एका गॅरेजात गेलो होतो. त्यांनी कर्ज काढून सेकंडहँड हायब्रिड गाडी घेतली होती. मिस्त्री अनुभवी होते, हाताला यश असलेले. त्यांनी गाडीची माहिती पाहिली आणि म्हणाले, “सर, हितं ई-सीव्हीटी लिवलंय. मंग सीव्हीटीचं ऑइल टाकू.” डबा फोडायला घेतला तेवढ्यात सर म्हणाले, “थांबा उस्ताद, आधी पुस्तक बघू.” डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. त्यात सीव्हीटीचं तेल नव्हतंच, निराळ्याच तेलाचं नाव होतं. उस्तादांनी डबा बाजूला ठेवला आणि हसून म्हणाले, “नाव एक आन् काम दुसरं. आता माणसानं करायचं काय?”

उस्तादांचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी हे तेल करतं काय ते पाहायला हवं.

इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाला मात्र चार नोकऱ्या एकदम कराव्या लागतात. दात्यांना वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची, दाबाखाली राहून आतल्या झडपा हलवायच्या आणि क्लचच्या चकत्यांना नेमकी हवी तेवढीच पकड द्यायची. नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. अशा गाडीत तेल फार निसरडं झालं तर चकत्या घसरतात, कमी निसरडं झालं तर गिअर बदलताना धक्के बसतात.

दुसरा प्रकार सीव्हीटीचा. कायनेटिक होंडाचीच कल्पना, पण मोटारीत बहुतेक ठिकाणी पट्टा पोलादी असतो आणि तो तेलात चालतो. पोलादावर पोलाद घसरू नये, अशा बेतानं हे तेल बनवलेलं असतं. म्हणून सीव्हीटीचं तेल आणि नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल या दोन निराळ्या वस्तू आहेत.

तिसरा प्रकार ज्याला ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात त्या गाड्यांचा. टोयोटाच्या पद्धतीत पट्टाही नसतो आणि टॉर्क कन्व्हर्टरही नसतो. असतो तो दात्यांचा एक संच. मधोमध एक चक्र, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि सगळ्यांना वेढणारं बाहेरचं कडं. एका मोटर-जनरेटरची जोडणी सूर्याशी, इंजिनाची ग्रहांच्या चौकटीशी आणि दुसऱ्या मोटरची व चाकांची कड्याच्या बाजूशी. कुणी किती वेगानं फिरायचं हे संगणक ठरवतो. गिअर टप्प्याटप्प्यानं न बदलता गाडीचा वेग सलग वाढतो, म्हणून त्याला ‘ई-सीव्हीटी’ म्हटलं गेलं. म्हणजे सीव्हीटी हे त्याच्या वागण्याचं नाव आहे, रचनेचं नाही. गॅरेजातला घोटाळा इथूनच सुरू होतो.

होंडाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि चाकं फिरवते ती मोटर. महामार्गावर गाडी ठरावीक वेगाला पोचली की एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. दात्यांसोबत त्या क्लचचाही विचार तेलाला करावा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. टोयोटाच्या या पेटीत दात्यांच्या शेजारीच विजेच्या मोटरी बसलेल्या असतात आणि तेच तेल त्यांच्या तांब्याच्या गुंडाळ्यांवरून वाहत त्यांना थंड करतं. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. २०१० साली भारतात आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये मोटरकडे जाणारा दाब ६५० व्होल्टपर्यंत चढायचा. एवढी वीज जिथे खेळते, तिथल्या तेलानं वीज वाहून नेता कामा नये, तांब्याला गंज चढवता कामा नये आणि तारांवरच्या रोगणाचा थर खाता कामा नये. काही गिअर ऑइलमध्ये दात्यांच्या रक्षणासाठी गंधकयुक्त रसायनं असतात. दात्यांना ती मानवतात, तांब्याला मानवतीलच असं नाही. तेलात पाणी शिरलं तर त्याची वीज अडवण्याची ताकदही घटते. म्हणजे या तेलाला पाचवी नोकरी लागली, वीज अडवून धरण्याची. ते पातळही असावं लागतं, कारण घट्ट तेल ढवळण्यात शक्ती जाते आणि हायब्रिड घेतली कशासाठी, तर मायलेजसाठी.

तेलातला एखादा घटक बदलल्यानं काय होतं, याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९४९ साली ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं मानक ठरवलं, ‘टाइप ए’ नावाचं. त्या काळच्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत. क्लचची पकड मऊ ठेवायला ते उत्तम. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशांच्या संरक्षणासाठी त्याच्या वापरावर बंदी आली. ती योग्यच होती. पण त्याच्या जागी आलेल्या घटकांनी सुरुवातीला त्रास दिला. तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे जोड गंजू लागले, गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या आणि मानक पुन्हा सुधारावं लागलं. तेल दिसायला पूर्वीसारखंच लाल होतं. तो लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गाडीखाली डाग पडला तर इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा हे ओळखू यावं म्हणून. रंगावरून तेलाचा गुण कळत नाही.

मी कवितेचा माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. यंत्रातलं मला कळतं ते विचारून आणि वाचून. पण समानार्थी शब्दांचा फसवेपणा मला चांगला ठाऊक आहे. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणीच. तरी आपण मराठीत ‘आब राखून वागावं’ म्हणतो, तिथे ‘पाणी राखून वागावं’ म्हणून पाहा! अर्थ जवळचा असला तरी जागा वेगळी असते. तेलांचंही तसंच आहे.

गाड्यांची नावंही अशीच फसवतात. ग्रँड विटारा साध्या ‘स्मार्ट हायब्रिड’ रूपातही आली आणि स्ट्राँग हायब्रिड रूपातही. पहिल्या रूपात नेहमीचा मॅन्युअल किंवा सहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दुसऱ्यात ई-सीव्हीटी. इनोव्हा हायक्रॉसच्या नुसत्या पेट्रोल गाडीत सीव्हीटी आहे, हायब्रिडमध्ये मघाशी सांगितलेली सूर्य-ग्रहांची रचना. होंडा सिटीच्या पेट्रोल सीव्हीटीला एचसीएफ-२ नावाचं तेल, तर होंडाच्या दोन मोटरींच्या हायब्रिड रचनेला एटीएफ डीडब्ल्यू-१. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत वर्षानुवर्षं एटीएफ डब्ल्यूएस वापरलं गेलं, पण अलीकडे ई-ट्रान्सअ‍ॅक्सलसाठी ‘टीई’ नावाचं स्वतंत्र तेलही त्यांनी काढलं आहे. म्हणजे ‘टोयोटा हायब्रिड ना, मग डब्ल्यूएस’ हा ठोकताळाही पुरेसा नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. आपलं मॉडेल, वर्ष आणि हायब्रिडचा प्रकार पाहून तेलाचं पूर्ण नाव कागदावर उतरवा. सेकंडहँड गाडीचं पुस्तक हरवलं असेल, तर चॅसी नंबर सांगून कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर विचारा. दुसरी गोष्ट, डब्यावर तेच नाव अक्षरशः आहे का, ते पाहा. ‘सर्व गाड्यांना चालतं’ हे वाक्य म्हणजे जाहिरात, मान्यता नव्हे. दुसऱ्या कंपनीचं तेल वाईटच असतं असं नाही. पण आपल्या पुस्तकातल्या तेलाला पर्याय म्हणून, आणि हायब्रिडसाठी म्हणून ते स्पष्ट लिहिलेलं हवं. तिसरी गोष्ट, सील, बॅच नंबर आणि पक्कं बिल. वॉरंटी बाकी असेल तर ते बिल म्हणजे आपला साक्षीदार.

चौथी गोष्ट मिस्त्रींसाठी. यातल्या बऱ्याच पेट्यांना तेल मोजायची पट्टी नसते. गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या बोल्टच्या तोंडाशी तेल आलं की पातळी पुरी, असा हिशेब असतो. जास्त भरलं तर फेस होतो, कमी भरलं तर मोटर तापते. कितव्या किलोमीटरला बदलायचं तेही पुस्तकात पाहा. घाट, ओझं आणि उन्हाळा यांत राबणाऱ्या गाड्यांसाठी अनेकदा वेगळा, कमी अंतराचा तक्ता दिलेला असतो. आणि बॉनेटखाली नारिंगी आवरणाच्या जाड तारा दिसल्या, तर त्यांचं काम न शिकलेल्या माणसानं त्यांना हात लावू नये. त्यात जीव घेण्याइतका दाब असतो.

चुकीचं तेल घातलेली गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. ती चालते, कधी महिनोन्महिने चालते. आत रोगण झिजत असतं, तांबं काळवंडत असतं. दुखणं बाहेर पडतं तेव्हा तेलाच्या खर्चाचा नव्हे, अख्खी पेटी बदलायचा प्रश्न उभा राहतो आणि कर्जाचे हप्ते तर चालूच असतात. पुस्तकातली ती एक ओळ वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गाडी गॅरेजात सोडण्याआधी ती वाचा आणि मिस्त्रींनाही वाचून दाखवा.