स्वाराचे शिरस्त्राण

घोडा दिसला की मुलांचे पाय आपोआप थबकतात. त्याची डौलदार मान, वाऱ्यावर उडणारी आयाळ आणि टापांचा ठेका यांची भूल कोणाला पडत नाही? माथेरानच्या तांबड्या वाटांवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गेलेला मुलगा घोड्यावर बसण्याचा हट्ट धरल्यावाचून राहत नाही. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारात पाहणाऱ्यांची रीघ लागते. मराठ्यांच्या इतिहासाची पाने तर टापांच्या आवाजानेच निनादत आहेत. परंतु घोड्यावर कसे बसावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घोड्यावरून पडल्यास जीव कसा वाचवावा हे सांगणारे मात्र थोडे. या पाठात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

घोडा स्वभावाने दुष्ट नसतो. तो भित्रा असतो. निसर्गाने त्याला शिंगे दिली नाहीत, की तीक्ष्ण नखे दिली नाहीत. संकटाची चाहूल लागताच पळत सुटणे हाच त्याचा मुख्य बचाव. म्हणून वाऱ्याने उडालेला कागद किंवा एकाएकी उघडलेली छत्री एवढ्यानेही तो बुजतो आणि क्षणार्धात बाजूला उडी घेतो. चार-पाचशे किलो वजनाचे हे जनावर चौखूर उधळले, म्हणजे ताशी ४० किलोमीटरांचा वेग सहज गाठते. अशा वेळी पक्क्या मांडीचा स्वारदेखील पडतो. पडणे ही लाजेची गोष्ट नव्हे. पडण्याची तयारी न ठेवणे ही खरी चूक होय.

घोड्यावर बसलेल्या प्रौढ मनुष्याचे मस्तक जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच असते. घोडा जागच्या जागी उभा असला, तरी तेवढ्या उंचीवरून खाली आलेले मस्तक ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. कवटीच्या आत मेंदू एका द्रवात जणू तरंगत असतो. कवटी जमिनीवर आदळून थांबते. मेंदू मात्र त्याच क्षणी थांबत नाही. तो पुढे सरकून कवटीच्या भिंतीवर आपटतो, पिळवटला जातो आणि कधी कधी नाजूक रक्तवाहिन्याही तुटतात. म्हणूनच बाहेर साधे खरचटलेले नसतानाही आत प्राणघातक इजा झालेली असू शकते.

यावर उपाय कोणता? तो तुम्ही खेळाच्या मैदानावर रोज करीत असता. वेगाने आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात किंचित मागे घेता. त्यामुळे चेंडू थांबण्यास अधिक अंतर मिळते आणि तळहात झणझणत नाहीत. शिरस्त्राणाचे, म्हणजेच हेल्मेटचे, सारे रहस्य एवढेच आहे. त्याचे बाहेरचे कठीण कवच टोकदार दगडाला आत शिरू देत नाही व आघात मोठ्या भागावर पसरविते. आतला थर थर्माकोलसारख्या, पण अधिक दाट पदार्थाचा असतो. आघात होताच तो चेपतो आणि मस्तकाला थांबण्यासाठी थोडेसे अंतर देतो. हे अंतर फार तर बोटा-दोन बोटांचे. पण जीवन आणि मरण यांच्यामध्ये पुष्कळदा तेवढेच अंतर उरलेले असते. एकदा चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. यास्तव जोराचा मार बसलेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले, तरी टाकून द्यावे. तसेच ते डोक्यावर घट्ट बसणारे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. पट्टा सैल असेल, तर स्वार जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच शिरस्त्राण डोक्यावरून निघून जाते.

पूर्वीच्या योद्ध्यांची लोखंडी शिरस्त्राणे तलवारीचा वार अडविण्यासाठी होती. युद्धे सरली तशी स्वाराच्या डोक्यावर शोभेची टोपी आली. घोड्याच्या तालबद्ध चालींची जी स्पर्धा असते, तीत तर उंच काळी टोपी हीच प्रतिष्ठेची खूण समजली जाई. मार्च २०१० मध्ये अमेरिकेतील कोर्टनी किंग-डाय ही ऑलिंपिक स्पर्धेत उतरलेली कुशल स्वार सराव करीत असता तिचा घोडा अडखळून कोसळला. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. ती सुमारे महिनाभर बेशुद्ध होती. पुढे चालणे-बोलणे तिला नव्याने शिकावे लागले. स्वतःचे दुःख बाजूला सारून तिने शिरस्त्राणाचा प्रचार हाती घेतला. अखेर १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने आपल्या स्पर्धांत शिरस्त्राण सर्वांना सक्तीचे केले, आणि उंच टोपीचा डौल संपला.

मस्तकाप्रमाणे धडाचेही रक्षण करावे लागते. त्यासाठी जाड फेसाच्या पट्ट्यांचे बंडीसारखे जाकीट मिळते. त्याने बरगड्यांना व आतील इंद्रियांना बसणारा मार सौम्य होतो. अलीकडे हवेने फुगणारे जाकीटही निघाले आहे. त्याची दोरी खोगिराला अडकविलेली असते. स्वार खोगिरावरून फेकला गेला, की दोरीला हिसका बसतो, लहानशा नळकांड्यातील वायू सुटतो आणि जमीन गाठण्याच्या आत जाकीट फुगते. पायांत टाच असलेले जोडे असावेत. बिनटाचेच्या जोड्यातील पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकते आणि उधळलेला घोडा स्वाराला फरफटत नेतो. लगाम हाताला गुंडाळू नये, तोही याच कारणासाठी. घोड्यावर चढण्यापूर्वी तंग नीट आवळला आहे, हे पाहावे. घोड्याच्या थेट मागे कधीही उभे राहू नये. ती जागा त्याला दिसत नाही आणि दचकला, की तो लाथ झाडतो.

तथापि साधनांनाही मर्यादा असतात. २७ मे १९९५ रोजी विख्यात अभिनेता ख्रिस्टोफर रीव्ह एका स्पर्धेत उडी घेत असता घोडा अडथळ्यापाशी एकाएकी थबकला व तो पुढे डोक्यावर पडला. शिरस्त्राण व जाकीट दोन्ही अंगावर होती. त्याचा मेंदू शाबूत राहिला. परंतु मानेचे मणके मोडले आणि तो मानेखाली कायमचा लुळा झाला. सावधपणाची जागा कोणतेही साधन घेऊ शकत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. मी मुख्याध्यापक असताना आमची सहल एका थंड हवेच्या ठिकाणी गेली होती. मुलांनी घोड्यावर बसण्यासाठी गळ घातली. घोडी गरीब दिसत होती, घोडेवालाही बरोबर चालणार होता. मी होकार दिला. शिरस्त्राणाचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. आठवीतला एक मुलगा वळणावर घसरून पडला. पण लगेच उठून हसू लागला. “काही झालं नाही, सर,” तो म्हणाला. मीही निश्चिंत झालो. संध्याकाळी त्याला वांती झाली, आणि डोके दुखते म्हणून तो निजू लागला. “थकला असेल, झोपू द्या,” मी म्हणालो. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या गुरुजींनी मात्र ते ऐकले नाही. त्यांनी त्याला तडक रुग्णालयात नेले. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा वाचला. त्याच्या आईसमोर उभा राहिलो, तेव्हा मला शब्द सुचेना. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु आजही घोडा दिसला, की मला ती रात्र आठवते.

म्हणून मुलांनो, एवढे लक्षात ठेवा. कोणी घोड्यावरून पडला, तर त्याला ओढून उठवू नका. मानेला इजा असल्यास त्याने ती वाढते. डोक्याला मार लागला असेल, तर तो कितीही हसला तरी त्या दिवशी त्याला पुन्हा घोड्यावर बसवू नका. वांती, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठा.

घोड्यावर जरूर बसा. वाऱ्याशी स्पर्धा करण्याचा आनंद जरूर लुटा. मात्र शिरस्त्राण घालणे हे भित्रेपणाचे लक्षण समजू नका. रणात उतरणाऱ्या शूरांनीही ते घातले होते. घरी कोणी आपली वाट पाहत आहे, हे ज्याला कळते तो ते आजही घालतो.

स्वाध्याय

१. घोडा बुजतो याचे कारण लेखकाने काय सांगितले आहे?
२. चेंडू झेलणे आणि शिरस्त्राणाचे कार्य यांतील साम्य स्पष्ट करा.
३. “साधनांनाही मर्यादा असतात,” हे विधान उदाहरण देऊन पटवून द्या.
४. लेखकाच्या हातून कोणत्या दोन चुका झाल्या, ते तुमच्या शब्दांत लिहा.