गिऱ्हाईक दिसत नाही, पण पाहत असते

धंदा म्हटला की भांडवलाचा प्रश्न प्रथम पुढे येतो. हातात पैसा नाही म्हणून धंदा नाही, असे आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नाही. परंतु पैशाइतकेच मोलाचे दुसरे एक भांडवल असते. ते म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास. वस्तीतला दुकानदार हे भांडवल वर्षानुवर्षांच्या ओळखीतून उभे करतो. काटा बरोबर आहे की नाही हे गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. इंटरनेटच्या बाजारात मात्र ना ओळख, ना माल हातात घेऊन पाहण्याची सोय. मग तेथे विश्वास मिळवायचा कसा?

आज आपल्या कित्येक भगिनी घरच्या घरी मसाले, पापड, गोधड्या, शिवलेले कपडे तयार करून मोबाईलवरून विकतात. मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून त्यांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

भीती ओळखली, धंदा वाढला

सचिन बन्सल व बिन्नी बन्सल या दोन तरुण इंजिनिअरांनी २००७ साली बंगळूरमध्ये फ्लिपकार्ट सुरू केली. आडनाव एक असले तरी ते भाऊ नव्हेत. आधी दोघेही अ‍ॅमेझॉनमध्ये नोकरीला होते. सुरुवातीला ते फक्त पुस्तके विकत. त्या काळी बहुतेकांकडे क्रेडिट कार्ड नव्हते. ज्यांच्याकडे होते, त्यांनाही न पाहिलेल्या दुकानदाराला आगाऊ पैसे देण्याची धास्ती वाटे. ही धास्ती मूर्खपणाची नव्हती. कष्टाचा पैसा कोण असा हवेत सोडील?

फ्लिपकार्टने गिऱ्हाइकाला उपदेश केला नाही. २०१० साली तिने माल घरी आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली. यात कंपनीला त्रास होता. रोख रक्कम गोळा करायची, कोणी माल नाकारला तर परत न्यायचा खर्च सोसायचा. म्हणजे जी जोखीम गिऱ्हाइकाच्या डोक्यावर होती, ती दुकानदाराने स्वतःच्या डोक्यावर घेतली. विश्वास असा मिळतो.

एका दिवसात काय होते?

तोच विश्वास गमावायला वेळ लागत नाही. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी याच कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन मोठी सवलतीची विक्री केली. गर्दी इतकी लोटली की यंत्रणा कोलमडली. अनेक वस्तू क्षणात संपल्या, काहींनी केलेली खरेदी आपोआप रद्द झाली, काही वस्तूंच्या किमती आदल्या दिवसांपेक्षा वाढलेल्या दिसल्या. त्या दिवशी कोट्यवधींची विक्री झाली, पण लोकांचा संतापही तेवढाच मोठा होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही संस्थापकांनी गिऱ्हाइकांना पत्र पाठवून माफी मागितली आणि कोठे काय चुकले ते सांगितले. जाहिरात पेलेल एवढीच करावी आणि चुकले तर लगेच, स्वतःच्या नावाने कबूल करावे, हे दोन धडे त्यात आहेत.

एका गिटारची गोष्ट

चूक कबूल न केल्यास काय होते, हे अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने अनुभवले. डेव्ह कॅरोल हा कॅनडातील गायक मार्च २००८ मध्ये त्यांच्या विमानाने प्रवास करीत होता. शिकागोच्या विमानतळावर सामान उतरवणारे लोक वाद्यांच्या पेट्या फेकत असल्याचे प्रवाशांनी पाहिले. कॅरोलची गिटार मोडली. दुरुस्तीला १२०० डॉलर लागले. नऊ महिने तो या कचेरीतून त्या कचेरीत तक्रार करीत राहिला. शेवटी उत्तर आले की, तक्रार २४ तासांत केली नाही, म्हणून भरपाई नाही.

मग त्याने त्यावर गाणेच रचले आणि जुलै २००९ मध्ये ते यूट्यूबवर टाकले. काही दिवसांतच ते लाखो लोकांनी पाहिले आणि पुढे ही संख्या एक कोटीच्या वर गेली. आता कंपनी भरपाई द्यायला तयार झाली. परंतु जे काम १२०० डॉलरांत झाले असते, ते आता कशानेही होणार नव्हते. पूर्वी नाराज गिऱ्हाईक चार शेजाऱ्यांना सांगे. आज ते साऱ्या जगाला सांगू शकते.

आपण काय करावे?

छोट्या विक्रेत्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. फोटो आपल्याच मालाचा द्यावा. वजन, माप आणि टपालखर्चासह पूर्ण किंमत आधीच सांगावी. माल कधी पोहोचेल याची तारीख दोन दिवस पुढचीच द्यावी. आधी पोहोचला तर गिऱ्हाईक खूशच होते. तक्रार आली तर त्याच दिवशी उत्तर द्यावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी. नातेवाइकांकडून खोटी स्तुती लिहून घेऊ नये. विक्रेत्याने स्वतः गिऱ्हाईक बनून अभिप्राय लिहिण्यास २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली आहे.

आणखी एक सावधगिरी. "पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका," असे कोणी गिऱ्हाईक म्हणाले तर तो ठग समजावा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

आपण गिऱ्हाईकही आहोत

आपण विकणारे आहोत तसे घेणारेही आहोत. फसगत झाली तर नशिबाला बोल लावू नये. याच नियमांनुसार ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिन्याभरात निवारण केले पाहिजे. तेथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पावती, संदेश आणि मालाचे फोटो मात्र जपून ठेवावेत.

जे गिऱ्हाईक म्हणून आपल्याला हक्काने हवे असते, तेच विक्रेता म्हणून दुसऱ्याला द्यावे. धंद्याचा याहून सोपा हिशेब नाही, आणि तो मांडायला भांडवल लागत नाही.