मीनाक्षी शिरोडकर: ‘ब्रह्मचारी’ची किशोरी आणि त्यापुढची वाटचाल

मीनाक्षी शिरोडकर (१९१६–१९९७) यांचे मूळ नाव रतन पेडणेकर. हे आडनाव गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडण्यावरून पडलेले. पेडणे आणि डिचोली हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. राज्य बदलले, पण देवळातले कीर्तन, जत्रेतला दशावतार आणि उत्सवातले नाटक मराठीच राहिले. गोव्यातल्या देवळांच्या आश्रयाने गाणे जपणाऱ्या कुटुंबांतून कितीतरी कलावंत स्त्रिया मुंबईला आल्या. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी मैफल गाजवली. बोलपट आला तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत रुळलेली नव्हती. नायिकेला स्वतः गावे लागे. गोमंतकीय गळ्यांना मागणी आली ती त्यामुळे.

रतनचे शास्त्रीय गाण्याचे शिक्षण लहानपणीच सुरू झाले. चित्रपटाआधी तिने नभोवाणीवर काम केले. लग्नानंतर ती शिरोडकर झाली आणि पडद्यावर तिला ‘मीनाक्षी’ हे नाव मिळाले. दिग्दर्शक मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये कोल्हापुरात ‘हंस पिक्चर्स’ काढली होती. याच संस्थेच्या ‘ब्रह्मचारी’तून (१९३८) मीनाक्षीबाई नायिका म्हणून पुढे आल्या. कथा प्र. के. अत्रे यांची, संगीत दादा चांदेकरांचे.

चित्रपटाचा नायक औदुंबर एका देशभक्ताचे व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेतो. भिंतीवरची नट्यांची चित्रे काढून टाकतो, आचार्यांच्या आश्रमात जाऊन शरीर कमावतो. मग किशोरी येते. पोहण्याच्या पोशाखात पाण्याकाठी ती यमुनेतल्या जलक्रीडेचे गाणे म्हणते आणि औदुंबराचा निग्रह डळमळू लागतो. १९३८ च्या मराठी प्रेक्षकाने कुलीन घरातली वाटणारी नायिका अशा वेशात पाहिली नव्हती. गहजब झाला, टीका झाली आणि गाणे घरोघरी पोहोचले.

या दृश्याकडे आजही बहुधा धाडसी पोशाखाचा नमुना म्हणून पाहिले जाते. तो मीनाक्षीबाईंवर अन्याय आहे. अत्र्यांचा टोला ढोंगी वैराग्यावर होता आणि तो नेमका बसायला किशोरी निर्भर, खेळकर हवी होती. तिच्यात लाजेचा किंवा उथळपणाचा लवलेश जरी आला असता, तरी चित्रपट कोसळला असता. मीनाक्षीबाईंनी तो तोल राखला आणि गाणेही स्वतःच म्हटले. त्या गाण्यातली सहजता लहानपणापासूनच्या तालमीतून आलेली होती.

पुढच्याच वर्षी अत्रे-विनायक जोडीचा ‘ब्रँडीची बाटली’ आला. त्यात दामुअण्णा मालवणकरांचा भाबडा कारकून बगाराम नायिका मालतीच्या आजारी भावासाठी ब्रँडी शोधत गावभर हिंडतो. ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. मालती मीनाक्षीबाईंची. त्यानंतर ‘देवता’, ‘अर्धांगी’, ‘अमृत’ हे चित्रपट आले. वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा ‘माझं बाळ’ (१९४३) कुमारी मातेच्या प्रश्नाला भिडणारा होता. किशोरीसाठी लक्षात राहिलेल्या अभिनेत्रीने अशा विषयाच्या चित्रपटातही काम केले, याची आठवण फार थोडे जण ठेवतात.

१९४७ मध्ये विनायकांचे अकाली निधन झाले. मीनाक्षीबाईंची उत्तम कामे त्यांच्याच दिग्दर्शनाखाली झाली होती. पार्श्वगायन रूढ झाल्यावर गाणाऱ्या नायिकेची पडद्यावरची गरजही ओसरली. मीनाक्षीबाई मग रंगभूमीकडे वळल्या आणि संगीत नाटकांतून गाऊ लागल्या. तिथे त्यांच्या गळ्याला पुन्हा पुरेसा वाव मिळाला. शिल्पा आणि नम्रता शिरोडकर या त्यांच्या नाती. दोघीही हिंदी चित्रपटांत आल्या. नम्रता १९९३ ची मिस इंडिया. १९९७ मध्ये मीनाक्षीबाईंचे निधन झाले.