शेततळ्यातली खाती तोंडं

सांगोल्याकडच्या माझ्या मामेभावानं, दादानं, डाळिंबासाठी शेततळं खणलं, प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि पाणी भरताच त्याच्या डोक्यात मासे शिरले. मत्स्यबीजवाला ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या घेऊन आला. चार हजार नग. "निम्मी मेली तरी दोन हजार कुठं जात नाहीत," दादा म्हणाला. वर्षानं जाळं ओढलं, तर तळहाताएवढे मासे. डोकं मोठं, अंग वाळकं. बाजारात कुणी विचारेना.

दादानं नग मोजले होते. तळं नग मोजत नाही, वजन मोजतं.

२०१६ साली आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं सगळ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. म्हणजे वरून ९०० चौरस मीटर, ढोबळ ९ गुंठे. खाद्य घालून नीट सांभाळलं तर हेक्टरी ३ टन मासळी हा बरा हिशेब. आपल्या तळ्याच्या वाट्याला त्यातले २७० किलो येतात. ते ५०० माशांत वाटले तर एकेक मासा अर्ध्या किलोच्या वर जातो. चार हजारांत वाटले तर प्रत्येकाला ७० ग्रॅमसुद्धा नाही. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली हेक्टरी ५ ते १० हजार सोडावी असं सांगतात, ते याचसाठी. ९ गुंठ्यांत ती ४५० ते ९०० होतात. आणि बोटुकली म्हणजे खरोखर बोटाएवढी. काडीएवढं पिल्लू स्वस्त मिळतं, पण निम्म्याहून अधिक कधी नाहीसं होतं ते कळतही नाही. मग किती उरले याचा अंदाज चुकतो आणि पुढचं सगळंच चुकतं.

या तिघांची एक सोय आहे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. शिवाय साचलेल्या पाण्यात ते वीण करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती, फुगलेली नदी लागते. म्हणूनच एके काळी बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुळ इथं माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावलं. १० जुलैचा तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आपल्यापुरता अर्थ इतकाच, की कार्प जातीचे ५०० सोडले तर त्यांचे ५०१ होणार नाहीत. (सायप्रिनस मात्र याला अपवाद. तो तळ्यातही वितो.)

दादाच्या तळ्याचा खरा घात दुसऱ्या वर्षी झाला. ओढ्यातून पाणी उचललं, त्याबरोबर चिलापी आली. उजनीच्या काठावर जिला चिलापी म्हणतात, ती तिलापिया. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. मी तिथं असताना दादानं पाग टाकला आणि एक जेमतेम वीतभर मादी हातात धरली. तिनं तोंड उघडलं आणि बादलीत डाळीच्या दाण्याएवढी पिल्लं सांडली, पाच-पन्नास तरी. ही मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लं तोंडातच सांभाळते, त्यामुळे जगतात फार. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांची झाली की स्वतःच वितात. दादा बादलीकडे बघतच राहिला. "ह्यांच्या आईला," एवढंच म्हणाला.

अशा तळ्यात मरळ सोडून बघा, असा सल्ला हमखास मिळतो. मरळ चिलापीची पिल्लं खाते हे खरं, पण ती तुमची बोटुकलीही सोडत नाही. चोर पकडायला दरोडेखोर ठेवल्यासारखं ते होतं. मातीच्या, न आटणाऱ्या तळ्यात मोहाची पेंड घालतात, हेक्टरी दोन-अडीच टन. मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि पेंडीचं खत होतं. कागदाच्या तळ्याला त्याची गरज नाही. उन्हाळ्यात ते आटवायचं, कोरडं पाडायचं, एक पिल्लू शिल्लक ठेवायचं नाही.

आटण्याचा धोका वेगळाच. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. ३० मीटर रुंदी तळाशी २४ वर येते. मार्च-एप्रिलमध्ये डाळिंबाला पाणी चालूच असतं, पाणी खाली जातं आणि तेवढेच मासे निम्म्या जागेत कोंबले जातात. ढगाळ दिवसानंतर पहाटे ते वर येऊन तोंडं उघडत असतील तर प्राणवायू संपलाय. खाद्य बंद करायचं, पंप लावून पाणी उंचावरून फवारायचं, आणि मोठे मासे त्याच आठवड्यात विकायला काढायचे. मोठे काढले की मागच्यांना जागा होते. शेतकरी नेमकं उलट करतो, अजून वाढतील म्हणून थांबतो.

यंदा जुलैत दादाचा फोन आला. तळं कोरडं करून पुन्हा भरलंय. पाचशे बोटुकली स्वतः मोजून सोडली. पाणी आत येतं त्या पाइपाच्या तोंडाला वहिनीची जुनी नायलॉनची साडी चौपदरी करून बांधलीय.

"साडी फाटंल," तो म्हणाला, "पण दुसरी काढून ठेवलीय."