तुरळच्या पाण्याचं वीजबिल

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना संगमेश्वरच्या थोडं अलीकडे तुरळ नावाचं गाव लागतं. रस्त्यापासून जवळच एक बांधीव कुंड आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे गेलं तर त्यावर वाफ तरंगताना दिसते. नवखा माणूस बेसावधपणे हात घालतो आणि चटका बसून झटकन मागे घेतो, कारण पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. जवळपास बंब नाही, बॉयलर नाही, ज्वालामुखी तर नाहीच. तरी हे पाणी रात्रंदिवस वाहत असतं, आणि त्याचे पैसे मागायला कुणी येत नाही.

समजा ते पैसे आपल्यालाच भरायचे झाले, तर? तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि मीटरभर खोल असं एक मध्यम कुंड धरू. त्यात ९,००० लिटर पाणी मावतं. विहिरीचं २७ अंशांचं पाणी ५७ अंशांपर्यंत तापवायला तीनशेहून जास्त युनिट वीज लागेल. महिन्याला शंभर युनिटांत भागवणाऱ्या घराला ती तीन महिने पुरेल. ही झाली कुंड एकदा भरण्याची गोष्ट. झरा वाहता असतो, म्हणजे तेवढाच खर्च पुन्हा पुन्हा, आणि तोही शतकानुशतकं.

आजकाल ‘वेलनेस’ नावाने जे विकलं जातं त्याच्या दरपत्रकात गरम पाण्याचा टब, वाफेची खोली, शांत परिसर या गोष्टी ठळक अक्षरांत असतात. त्यातली उष्णता हीच मुळात खर्चिक. ती जिथे जमिनीतूनच येते तिथे शीण घालवायला एसटीचं भाडं आणि एक पंचा एवढं पुरतं. पण ही उष्णता येते कुठून?

सगळ्यांच्या मनात पहिलं उत्तर येतं ते ज्वालामुखीचं. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसातूनच घडला आहे, तेव्हा शंका अगदीच वावगी नाही. पण ते उद्रेक झाले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. ती धग केव्हाच निवली. आज तुरळला जे तापतं त्याचा त्या लाव्हारसाशी संबंध नाही.

खरं उत्तर साधं आहे आणि म्हणूनच जास्त थक्क करणारं आहे. पृथ्वी आतून सगळीकडेच गरम आहे. आपण जसजसे खाली जाऊ तसतसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढत जातं. तुमच्या घराखालीही वाढतं, माझ्याही. यातली काही उष्णता पृथ्वी जन्मली तेव्हाची शिल्लक आहे. उरलेली आजही नव्याने तयार होते आहे, कारण खडकांमध्ये अत्यल्प प्रमाणात असलेली युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही किरणोत्सारी द्रव्यं सतत विघटन पावत असतात. जपानमधल्या कामलँड प्रयोगाने जमिनीतून येणारे न्यूट्रिनो मोजले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला, की पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेतला सुमारे निम्मा वाटा या विघटनाचा आहे. कोकणात बेसॉल्टच्या थरांखाली ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम-थोरियमचा अंश बेसॉल्टपेक्षा जास्त असतो.

मग सगळीकडेच खाली ऊब असताना गरम झरे मोजक्याच जागी का? कारण नुसती उष्णता असून भागत नाही. पाणी खोलवर जायला वाट लागते आणि परत वर यायलाही वाट लागते. अशा वाटा कोकणाला मिळाल्या त्या एका मोठ्या फाटाफुटीतून. लाव्हारसाचे उद्रेक ओसरत होते त्याच सुमाराला आजची सेशेल्स बेटं भारताच्या पश्चिम कडेपासून सुटून दूर जाऊ लागली. कवच ताणलं गेलं, किनाऱ्याला समांतर खोल भेगा पडल्या. नकाशावर कोकणातल्या गरम झऱ्यांच्या जागा एकामागून एक मांडल्या की हे लगेच लक्षात येतं. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरपर्यंत, सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अशी अठराएक ठिकाणं आहेत, आणि ती सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या एका अरुंद चिंचोळ्या पट्टीत ओळीने बसली आहेत.

आता पाण्याचा प्रवास पाहू. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो. त्यातलं थोडं पाणी भेगांतून उतरत उतरत एक-दीड किलोमीटर किंवा त्याहूनही खाली जातं. तिथे ते तापतं, तापलं की हलकं होतं. शिवाय मागे डोंगरावर साचलेल्या पाण्याचा दाब असतोच. गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्यावरच्या नळाला धार यावी तसं हे पाणी दुसऱ्या भेगेतून वर ढकललं जातं. वाटेत ते काहीसं निवतं, काही ठिकाणी थंड पाण्यात मिसळतं. खाली ते किती तापलं होतं हे कळायची एक सुंदर युक्ती आहे. पाणी जितकं गरम तितकी त्यात सिलिका जास्त विरघळते, आणि पाणी निवलं तरी ती लगेच बाहेर पडत नाही. म्हणून झऱ्याच्या पाण्यातली सिलिका मोजली की खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. कोकणातल्या झऱ्यांसाठी असे अंदाज शंभर अंशांच्या पुढे जातात.

या प्रवासाला वेळ किती लागतो, हेही पाणी स्वतःच सांगतं. १९५० आणि १९६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे जगभरच्या पावसात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन वाढला होता. ज्या भूजलात तो जवळजवळ सापडत नाही ते त्या चाचण्यांच्या आधी जमिनीत मुरलेलं असतं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या झऱ्यांचा असा अभ्यास केला, आणि हे पाणी पन्नास वर्षांहून अधिक काळ जमिनीच्या पोटात फिरत होतं, असं अनुमान निघालं. तुरळच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या पोटऱ्यांना जे पाणी शेकतं ते त्याच्या जन्माच्या आधी पाऊस होऊन पडलेलं असतं.

हे जुनं पाणी अंगाला लागल्यावर काय करतं? गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग सांध्यांवर उरतो. गुडघे आणि कंबर यांना इतकी मोकळीक एरवी अंथरुणातच मिळते. त्याच वेळी पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे सारतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू शकतं. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात. दुखणाऱ्या सांध्यांना काही काळ आराम पडतो तो याच सगळ्यामुळे. त्वचारोग समूळ जातात वगैरे जे सांगितलं जातं ते मात्र श्रद्धेच्या खात्यात ठेवावं.

झोपेचं गणित तर आपल्या समजुतीच्या उलटं आहे. गरम पाण्याने अंग तापतं म्हणून झोप येते, असं वाटतं. प्रत्यक्षात अंग तापल्यावर हातापायांच्या त्वचेतून उष्णता भराभर बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं, आणि ते उतरणं हाच मेंदूला झोपेचा इशारा असतो. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने, झोपण्याच्या एक-दोन तास आधी, दहा मिनिटं केलेली आंघोळही झोप लवकर लागायला मदत करते, असं त्यात आढळलं. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या झऱ्याचं पाणी साधारण ४२ अंशांचं आहे. ते कुणी ठरवून ठेवलेलं नाही.

आणि तुरळचं पाणी मात्र का चावतं? आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंवर उष्णतेचं एक सूक्ष्म दार असतं, ते साधारण ४३ अंशांच्या पुढे उघडतं आणि ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला धाडतं. डेव्हिड ज्युलियस यांनी हे दार शोधलं ते मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या मदतीने, कारण तिखटानेही तेच दार उघडतं. या कामासाठी त्यांना २०२१चं नोबेल अर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे लवंगी मिरची आणि तुरळचं कुंड यांची तक्रार शरीरात एकाच खिडकीवर नोंदवली जाते. त्यामुळे अशा ठिकाणी थेट उडी घ्यायची नसते. तांब्याने पाणी काढून घ्यावं, थंड पाणी मिसळावं, किंवा जिथे एकाहून अधिक कुंडं असतील तिथे कोमटापासून सुरुवात करावी.

कुंडात आपण एकटे नसतो, हेही जाता जाता सांगायला हवं. दगडांवर जो हिरवट-केशरी थर दिसतो तो उष्णता मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यात १९६६ मध्ये असाच एक जिवाणू सापडला. उकळीजवळच्या पाण्यातही न बिघडणारं त्याचं विकर पुढे पीसीआर चाचणीचा कणा बनलं, आणि करोनाच्या काळात तिचं नाव घराघरांत पोचलं. पण ऊबदार गोड्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा अमीबाही असतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर जिवावर बेततं. असं फार विरळा घडतं. टाळायचा उपाय सोपा आहे: बुडी मारू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. हृदयविकार, रक्तदाबाची औषधं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरावं. दारू पिऊन तर नाहीच. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. बाहेर पडताना सावकाश उठावं, नाहीतर भोवळ येते, आणि वर आल्यावर भरपूर पाणी प्यावं.

जायचं कुठे? मुंबईकरांना सर्वांत जवळ तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. वसईच्या १७३९च्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसाचं म्हणून बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ आणि नित्यानंद बाबांची गणेशपुरी हे सगळं एका दिवसात होतं. इथे रविवार टाळावा. अष्टविनायकाला पालीला जाणार असाल तर उन्हेरे अगदी जवळ आहे. महाडजवळ सावित्रीकाठी सव आहे, रायगड चढून उतरलेल्या पायांना ते मानवेल. दापोलीकडच्या उन्हवऱ्याजवळ पन्हाळेकाजीची लेणी आहेत. तुरळ-राजवाडीसाठी कोकण रेल्वेचं संगमेश्वर रोड स्थानक. खानदेशातल्यांना चोपडा तालुक्यातलं उनपदेव आणि मराठवाड्यातल्यांना किनवटकडचं पैनगंगेकाठचं उनकेश्वर आपल्याच अंगणात आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी पार केलेल्यांना तेही नाही. म्हणजे ज्यांचे गुडघे सर्वांत जास्त दुखतात त्यांचा प्रवास सर्वांत स्वस्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नदीकाठची काही कुंडं पुराच्या पाण्याखाली जातात.

जपानने १९४८ मध्ये गरम झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. उगमापाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम असेल तर तो झरा तिथे ओन्सेन ठरतो. या हिशेबाने कोकणातली जवळपास प्रत्येक घरची विहीर ओन्सेन म्हणायला हवी! आपल्याकडे उष्णतेला तोटा नाही, तोटा आहे तो शिस्तीचा. जपानी माणूस आधी बाहेर अंग स्वच्छ धुतो आणि मग कुंडात उतरतो. आपल्याकडे साबणाच्या वड्या, शाम्पूच्या पुड्या आणि नारळाच्या शेंड्या कुंडाच्या कडेला पडलेल्या असतात. पाणी तापवण्याचं काम कित्येक दशकं जमिनीखाली चालतं, ते घाण करायला एक रविवार पुरतो. तेव्हा जाताना पंचा, सुके कपडे आणि पाण्याची बाटली घ्या, साबण घरी ठेवा. मोबाइलही पिशवीतच राहू द्या. ओल्या हातांनी तो तसाही धड चालत नाही, आणि पाण्यातली ती पंधरा मिनिटं पूर्ण तुमची राहतात.