मारुतीचे शेपूट आणि मालेगावचा सुपरमॅन

आमच्या कुंभार पिंपळगावापासून जांब समर्थ जवळ आहे. समर्थ रामदासांचे ते जन्मगाव. त्यामुळे आमच्या भागातल्या पोराला अचाट सामर्थ्याचा पहिला नायक भेटतो तो मारुतीच्या रूपात. सुपरमॅन, बॅटमॅन, थॉर ही मंडळी फार उशिरा, दूरदर्शनवरून आणि आता मोबाइलवरून आली. या महानायकांच्या चित्रपटमालिकांमध्ये विनोद आणि गांभीर्य यांचा तोल कसा साधावा, यावर जगभर वाद झडतात. कुणी म्हणते, विनोदाने नायकाचे माकड केले. कुणी म्हणते, गांभीर्याने चित्रपटाचे सुतक केले. या वादाकडे पाहायला मारुतीपासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते.

सुंदरकांडातला लंकादहनाचा प्रसंग घ्या. राक्षस मारुतीच्या शेपटाला चिंध्या गुंडाळतात, तेल ओततात, पेटवतात आणि गावभर मिरवतात. तेव्हा हसणारे राक्षस असतात. मग शेपूट सुटते, लंका पेटते आणि हसण्याचा हक्क श्रोत्यांकडे येतो. आपल्याकडे कथेकरी हा भाग रंगवून सांगतात, पोरे खिदळतात. पण वाल्मीकी इथे थांबत नाही. आग लावून झाल्यावर मारुतीच्या काळजात धस्स होते. सगळी लंका जळाली, मग सीताही जळाली असेल तर? आपण रागाच्या भरात हे काय करून बसलो, असे म्हणून तो स्वतःला दोष देतो, मरणाचा विचारही करतो. चारणांच्या बोलण्यातून सीता सुखरूप असल्याचे कळते, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो.

या प्रसंगात किती टक्के विनोद आणि किती टक्के गांभीर्य, असे कुणी मोजत नाही. हसू शेपटावर आहे, राक्षसांच्या फजितीवर आहे. सीतेवर एकही विनोद नाही. हसणे संपल्यावर त्या हसण्याची किंमत काय पडली असती, याची जाणीव खुद्द नायकाला होते. चित्रपटमालिकांनाही याच कसोट्या लावता येतात. हसू कशावर आहे, हसते कोण आहे आणि हसून झाल्यावर कथा जबाबदारी घेते का?

महानायक ही मुळातच हसण्याजोगी गोष्ट आहे. धडधाकट माणूस विजारीवर चड्डी घालून आकाशात उडतो, हे पाहून प्रेक्षक हसणारच. शहाणा दिग्दर्शक ते हसू आधीच हाती घेतो आणि त्याला जागा नेमून देतो. 1978च्या ‘सुपरमॅन’मध्ये रिचर्ड डॉनर यांनी हेच केले. आधीच्या मसुद्यातला थट्टेखोरपणा त्यांनी कमी करवून घेतला आणि हसू क्लार्क केंट या वार्ताहराच्या वाट्याला दिले. तो धडपडतो, चष्मा सावरतो, बायकांसमोर त्याची त्रेधा उडते. एका प्रसंगात लोइसच्या घरी तो क्षणभर चष्मा काढून ताठ उभा राहतो. खांदे रुंद होतात, आवाज बदलतो. मग धीर होत नाही आणि तो पुन्हा वाकतो. ख्रिस्तोफर रीव्ह यांनी एकाच देहात हसू आणि दरारा कसा नांदतो, ते त्या एका क्षणात दाखवले. आपल्या पिढीच्या मुलांनी हीच रचना 1997पासून ‘शक्तिमान’मध्ये पाहिली. पुढे आलेल्या दातांचा गंगाधर हसवायचा, म्हणून शक्तिमान गंभीर राहू शकला.

तमाशाचा प्रेक्षक ही वाटणी ओळखतो. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, असा तिथला क्रम आहे. बतावणीत पोट धरून हसून घेतलेला माणूस वगातले दुःख ऐकायला मोकळा होतो. वगातही सोंगाड्या असतोच. तो राजाच्या सिंहासनाची, प्रधानाच्या लोभाची, पाटलाच्या मिशीची टर उडवतो. पण राणीचे पोर दगावले तर जाणता सोंगाड्या त्यावर कोटी करत नाही. तो गप्प होतो, आणि त्याचे गप्प होणेच प्रेक्षकाला सांगते की आता प्रसंग वेगळा आहे. शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त (1987) हेच घडते. घरभर पोरे, कॅलेंडर नावाचा स्वयंपाकी, मोगॅम्बोचा थाट असे सगळे हसतखेळत चालते. मग बॉम्बस्फोटात लहानगी टीना जाते. त्यानंतरच्या काही मिनिटांत कुणी विनोद करत नाही. आधी त्या घरात इतके हसलेलो असतो म्हणूनच ते मरण घरातले वाटते.

मालिकेत हा तोल अवघड होतो, कारण पहिल्या भागात जे आश्चर्य असते ते तिसऱ्यात सवय होते. ‘सुपरमॅन’चा दुसरा भाग (1980) डॉनर यांच्याकडून काढून घेऊन रिचर्ड लेस्टर यांनी पुरा केला आणि तिसरा (1983) लेस्टर यांनीच केला. तो सुरू होतो रस्त्यावरच्या धडपडींच्या मालिकेने. सोबतीला रिचर्ड प्रायर हे नामांकित विनोदी नट. हसू क्लार्कपुरते न राहता सगळ्या शहरभर सांडले. गंमत अशी की, त्या चित्रपटातला लक्षात राहणारा प्रसंग नेमका बिनविनोदाचा आहे. बिघडलेला सुपरमॅन आणि सज्जन क्लार्क भंगाराच्या आवारात एकमेकांशी झुंजतात, तो.

बॅटमॅनची कथा याहून बोलकी आहे. 1989 आणि 1992चे टिम बर्टन यांचे भाग काळोखे होते. जोएल शूमाकर यांनी 1995मध्ये रंग भरले आणि 1997च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये मालिका बुडाली. 2005मध्ये ख्रिस्तोफर नोलन यांनी नव्याने मांडामांड करीपर्यंत बॅटमॅन पडद्यावर परतला नाही. ‘विनोद फार झाला’ हे त्याचे नेहमीचे निदान. मला ते अपुरे वाटते. त्यातला खलनायक मिस्टर फ्रीझ हा मुळात दुःखी माणूस. त्याची बायको असाध्य दुखण्याने गोठवून ठेवलेली, तिला वाचवण्यासाठी तो गुन्हे करतो. घरचा वृद्ध आल्फ्रेडही त्याच दुखण्याने खंगत चाललेला. आणि या माणसाच्या तोंडी दर दोन वाक्यांनी बर्फावरच्या कोट्या! बायको ज्या बर्फात निजली आहे त्याच बर्फावर नवरा विनोद करतो. तिथे हसू जखमेवर बसले. कोट्या निम्म्या केल्या असत्या तरी दुखणे तेच राहिले असते.

आता थॉर. 2011 आणि 2013चे पहिले दोन भाग बरेच भारदस्त होते. 2017मध्ये तायका वैतिती यांनी ‘रॅग्नारोक’मध्ये त्याला जमिनीवर आणले. हातोडा फुटला, केस कापले गेले, देवाला आखाड्यात गुलाम म्हणून झुंजावे लागले. लोक खूश झाले, आणि ते रास्तच होते. थॉरचा मूळ दोष गर्व हा होता. गर्वाचे औषध फजिती हेच असते, ते आपल्या कीर्तनकारांनाही ठाऊक आहे. विनोद कथेचेच काम करत होता. तरी शेवटी थॉरची भूमी नष्ट होत असताना एका पात्राच्या तोंडी विनोद ठेवला आहे, तो अनेकांना खटकला. पण पुढच्याच वर्षी ‘इन्फिनिटी वॉर’ सुरू झाला तो त्याच निर्वासितांच्या कत्तलीने. एका भागाने काढलेली उधारी दुसऱ्याने फेडली. मालिकेत असे होऊ शकते, एकट्या चित्रपटाला ही सोय नाही.

2019च्या ‘एंडगेम’मध्ये हाच थॉर अपयशाने खचलेला, दारूच्या आहारी गेलेला, पोट सुटलेला दिसतो. त्याच्या पोटावर विनोद होत राहतात. मागे ज्यावर हसलो तो त्याचा माज होता, इथे हसू शोकावर आहे. चित्रपटाला ते बहुधा उमगले असावे, कारण मध्येच तो थॉरला त्याच्या आईसमोर उभे करतो. ती त्याला हसत नाही, ओळखते. 2022च्या चौथ्या भागात, ‘लव्ह अँड थंडर’मध्ये, दिग्दर्शक पुन्हा वैतितीच, धाटणीही तीच. पण या वेळी थॉरची जुनी प्रेयसी जेन हिला शेवटच्या टप्प्याचा कर्करोग आहे आणि शेजारी किंचाळणाऱ्या बकऱ्यांचा विनोद सतत चालू आहे. ‘रॅग्नारोक’ला तारणारी रीत इथे लंगडी पडली. आजार गर्वातून येत नाही, म्हणून फजितीने तो उतरत नाही.

इथे दुसरी कसोटी लागते, हसते कोण ही. जेन स्वतः आपल्या दुखण्यावर विनोद करते, तेव्हा ते धैर्य असते. गावाकडे खाटेवरचा माणूस भेटायला आलेल्यांनाच हसवतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. आपण हसतो ते त्याच्या सोबतीने हसतो. चित्रपट मात्र तिच्या डोक्यावरून प्रेक्षकाला डोळा मारू लागला की सोबत सुटते.

हे सगळे परदेशी किंवा मुंबईच्या पैशाचे खेळ झाले. महाराष्ट्रातला महानायक यंत्रमागांच्या खडखडाटात जन्मला. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला आणि गावच्या विडंबनपटांची रीत पडली. पुढे त्यांनी सुपरमॅन करायचा ठरवला. नायक कोण, तर शफीक हा यंत्रमाग कामगार, अंगाने काडी. हिरवे कापड लावून, त्याला आडवे धरून आकाशात उडवायचे. शत्रूही गावचेच, अस्वच्छता आणि तंबाखू. या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट 2008मध्ये केला, तो 2012मध्ये चित्रगृहांत लागला. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळे ठप्प होते. आपण हसतो, आणि त्याच वेळी कळते की या माणसांकडे दुसरा कॅमेरा नाही. ज्या गावाने 2006 आणि 2008मध्ये बॉम्बस्फोट पाहिले, त्या गावात माणसे एकमेकांना हसवण्यासाठी एवढा घाम गाळत होती.

शफीक 2011मध्ये कर्करोगाने गेला. आज तो माहितीपट पाहताना त्याच्या बारीक अंगावर तसे हसता येत नाही. एकही चौकट बदललेली नाही, तरी तोल बदलला आहे. म्हणजे हा तोल पुरता दिग्दर्शकाच्या हाती नसतो. काळही त्यात आपले माप टाकतो.

रीमा कागती यांनी 2025मध्ये प्रदर्शित झालेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ केला, तेव्हा त्यांच्यापुढे आणि लेखक वरुण ग्रोव्हर यांच्यापुढे हाच पेच होता. नायकाचे मरण ठाऊक असताना काडीपैलवान सुपरमॅनवर प्रेक्षकाला हसवायचे कसे? त्यांनी आजार आधी आणला. मित्राला कर्करोग झाल्याचे कळते आणि म्हणून नासिर त्याला नायक करून सुपरमॅन काढतो. त्यामुळे शफीकला हवेत उडवताना होणारी फजिती पाहून आपण हसतो, तेव्हा त्याचे मित्रही हसत असतात, तोही हसत असतो, आणि पुढे काय होणार हे सगळ्यांनाच माहीत असते. एकही विनोद कापावा लागलेला नाही. ‘लव्ह अँड थंडर’मध्ये आणि इथे दुखणे एकच आहे. फरक एवढाच की इथल्या हसण्यात रुग्णाला एकटे सोडलेले नाही.

लंकेत मारुतीही शेवटी सीतेकडे परत जातो. ती सुखरूप असल्याचे कानी आले तरी त्याला तेवढ्याने पुरत नाही. पुन्हा अशोकवनात जाऊन तो तिला डोळ्यांनी पाहतो आणि मगच समुद्राकडे निघतो. पुढच्या भागाची घोषणा करणाऱ्या प्रत्येक चित्रपटमालिकेकडून आम्हा खेड्यातल्या प्रेक्षकांची अपेक्षा तेवढीच आहे. शेपूट पेटवा, हवे तितके हसवा, पण निघण्याआधी अशोकवनात एक फेरी मारून या.